मदत हवी आहे: माल एफओबीत दिला, तरी कंटेनरचं डेमरेज माझ्याकडूनच का मागतायत?

नमस्कार मंडळी. आम्ही तासगावचे, घरचा बेदाणा आणि आजूबाजूच्यांकडून घेतलेला असा मिळून व्यापार करतो. इतकी वर्षं सौद्यातच माल द्यायचो, यंदा पहिल्यांदाच धाडस करून एक वीस फुटी कंटेनर न्हावाशेवाहून दुबईच्या जेबेल अली बंदरात पाठवला, दहा किलोचे कार्टन. रेट एफओबी न्हावाशेवा, म्हणजे तिथे जहाजावर चढवेपर्यंतचा खर्च आणि जोखीम माझी. जहाजाचं भाडं तिकडची पार्टी भरणार म्हणून बीएलवर (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनीने मालाची दिलेली पावती) फ्रेट कलेक्ट. वीस टक्के ॲडव्हान्स आला, बाकीचे डीपीवर, म्हणजे पैसे भरल्यावर बँक कागद सोडणार.

माल पोचून आता चाळीस दिवस झाले. पार्टी आधी म्हणाली बाजार पडलाय, भाव कमी करा, मी नाही म्हटल्यावर फोनच उचलेना. आणि परवा लाईनच्या (जहाज कंपनीच्या) ऑफिसातून मला मेल, की फ्री डेज (बिनपैशाचे दिवस) संपलेत, डेमरेज एवढं, डिटेन्शन एवढं, ग्राउंड रेंट वेगळं, आणि हे सगळं शिपर म्हणून तुम्ही भरा. सीएचएला, म्हणजे कस्टम्सचं काम बघणाऱ्या एजंटला, विचारलं तर तो म्हणतो एफओबी आहे ना, जहाजावर चढवलं की तुमचा विषय संपला, मेलकडे लक्ष देऊ नका. जहाजाचं बुकिंग करून देणारा फॉरवर्डर म्हणतो भरावंच लागेल. घरी अजून सांगितलेलं नाही. नक्की खरं कोणाचं, आणि हे तीन वेगवेगळे चार्जेस म्हणजे काय, का एकाच गोष्टीचे तीनदा पैसे घेतायत?

उरणकर:
फॉरवर्डरचं खरं आहे. दादा, एफओबी हा तुमच्या आणि पार्टीच्या मधला व्यवहार, लाईनला त्याच्याशी काडीचं देणंघेणं नाही. तुमचा लाईनशी संबंध बीएलमुळे, आणि त्यावर शिपरच्या रकान्यात तुमचं नाव आहे. बीएलच्या मागे जे मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं असतं ना, त्यात 'मर्चंट'ची व्याख्या शोधा. शिपर (माल पाठवणारा), कन्साइनी (ज्याच्या नावे माल आहे तो), बीएल ज्याच्या हातात तो, मालाचा मालक, सगळे त्यात घातलेले असतात आणि सगळे मिळून तसेच एकेकटेही जबाबदार. मग लाईन जो हाताला लागेल त्याला धरते. दुबईवाला फोन उचलत नाही, तुम्ही उचलता, एवढंच.

फ्रेट कलेक्ट लिहिलंय म्हणून भाड्यातून सुटलो असंही धरू नका. मूळ शिपरकडून भाडं मागायचा हक्क १८५६ च्या बिल ऑफ लेडिंग कायद्यात शाबूत ठेवला होता, २०२५ साली त्या जागी नवीन कायदा आला त्यातही तो आहे.

जाता जाता, कंटेनरच्या मालाला एफओबी लावूच नये, एफसीए लावावं, म्हणजे ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की जोखीम संपते. आपण कंटेनर यार्डात नाहीतर सीएफएसला (बंदराबाहेरच्या कंटेनर गोदामात) सोडतो, जहाजावर चढेपर्यंत तो आपल्या ताब्यात नसतो पण जोखीम आपलीच राहते. इन्कोटर्म्स २०२० मध्येही (अशा व्यापारी अटींचे आंतरराष्ट्रीय नियम) एफसीएच सुचवलंय, पण आपल्याकडे सगळ्यांच्या तोंडात एफओबीच बसलंय.

जुना गुड्सवाला:
मी रेल्वेच्या मालधक्क्यावर होतो त्यामुळे तिथलं सांगतो. वॅगन वेळेत खाली केली नाही तर डेमरेज, आणि खाली केलेला माल धक्क्यावर पडून राहिला तर व्हार्फेज. व्यापारी रोज भांडायचे की दोनदा पैसे घेता म्हणून. एक गाडी अडवल्याचं, एक जागा अडवल्याचं, हे सांगून घसा बसायचा.

उरणकर:
काका, अगदी तसंच आहे हे. भरलेला डबा टर्मिनलमध्ये फ्री डेजच्या पुढे राहिला की लाईन लावते ते डेमरेज. डबा बाहेर नेला आणि रिकामा वेळेत परत दिला नाही तर डिटेन्शन. ग्राउंड रेंट म्हणजे जागेचं भाडं. आता गंमत बघा, तुमचा डबा अजून हललाच नाही, मग डिटेन्शन कसलं? काही लाईन दोन्हीचा मिळून एकच रेट लावतात, पण दोन वेगळ्या ओळी असतील तर टॅरिफ मागा आणि दिवसांचा हिशोब मागा. आणि बीएलवर कन्साइनी कोण आहे ते बघून सांगा, त्यावर पुढचं सगळं आहे.

धागाकर्ता:
बघितलं. कन्साइनीत 'टू ऑर्डर ऑफ' आणि पुढे तिकडच्या बँकेचं नाव, पार्टी फक्त नोटिफायमध्ये (माल आल्याचं ज्याला कळवायचं तो रकाना) आहे. बीएलच्या तिन्ही ओरिजिनल प्रती बँकेकडेच आहेत.

उरणकर:
मग वाचलात. पार्टीच्या नावाने सरळ बीएल असतं तर अवघड होतं. बँकेकडून सही-शिक्का मारून कागद परत मागवा, ऑर्डर बीएल दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या नावे फिरवता येतं. माल परत आणायच्या भानगडीत शक्यतो पडू नका, येतानाचं भाडं आणि इकडचं कस्टम्स धरलं तर बेदाण्यात काही उरणार नाही. नवीन गिऱ्हाईक मिळालं की आधी लाईनकडून सूट लेखी घ्या, मग माल सोडवा, उलटं करू नका. डबा एकदा सुटला की कोणी ऐकत नाही. ईसीजीसीची (निर्यातीचे पैसे बुडाले तर भरपाई देणारी सरकारी विमा कंपनी) पॉलिसी काढली होती का?

धागाकर्ता:
नाही हो, तेव्हा कोणी बोललंच नाही. शारजाचा एकजण तयार आहे, किलोमागे बराच कमी देतोय पण देतोय. लाईनला हिशोब मागणारा मेल टाकला, वर 'विदाउट प्रेज्युडिस' (माझे हक्क राखून) लिहिलं, भाच्याने सांगितलं म्हणून. डिटेन्शनची ओळ चुकून आली असं उत्तर आलंय, बाकीचं तसंच आहे. आता अजून एक, पहिल्या पार्टीचे वीस टक्के माझ्याकडे आहेत, ते या नुकसानीत वळते करून घेता येतात का परत द्यावे लागतात? काँट्रॅक्ट असं काही नाही, एक पीओ (खरेदीची ऑर्डर) आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं आहे.