मदत हवी आहे: गुहेतल्या माशाचे डोळे का गेले, हे नववीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी. मी सोलापुरात शाळेत विज्ञान शिकवते. यंदाच्या प्रदर्शनासाठी मुलींनी विषय घेतलाय: पाण्यातून जमिनीकडे वळलेले पहिले चतुष्पाद आणि अंधारात राहून डोळे गमावलेले प्राणी.

पहिला भाग झालाय. ग्रीनलँडला जीवाश्म सापडलेल्या अकँथोस्टेगा या सुरुवातीच्या चतुष्पादाचा पुढचा पाय शाडूत केलाय, आठही बोटांसकट. पाच बोटांचा नेम तेव्हा बसलाच नव्हता, हे मुलींना फार आवडलं.

अडलंय ते माशापाशी. मेक्सिकोतल्या गुहांमधल्या अ‍ॅस्टियानॅक्स या आंधळ्या माशाच्या भ्रूणात डोळा बनायला लागतो, मग भिंगाच्या पेशी मरतात आणि डोळा आत बुजून जातो. उजेडातल्या माशाचं भिंग त्या भ्रूणात बसवलं की डोळा पुन्हा वाढतो! हे ऐकून एकीने विचारलं, "मॅडम, वापरला नाही म्हणून गेला का?" नुसतं 'नाही' म्हणून भागत नाही. डोळा पोसायची ऊर्जा वाचली म्हणून निवड झाली, की गरजच नसल्याने जनुकांतले बिघाड साचत गेले? दोन्हींचा वाटा नववीच्या मुलीला पटेल असा कुणी मांडून देईल का?

आणखी एक. स्लोव्हेनियाच्या गुहांमधला ओल्म हा आंधळा सॅलमँडर इथे दिसणं शक्य नाही, पण बाटलीत जतन केलेला एखादा सॅलमँडर किंवा निदान देवगांडूळ (गांडुळासारखा दिसणारा बिनपायांचा उभयचर) सोलापूर-पुण्याकडच्या कॉलेजात मुलींना बघायला मिळेल का? केरळच्या विहिरींत निघणाऱ्या, मांगुराच्या कुळातल्या आंधळ्या माशाचे स्वतः काढलेले फोटो कुणाकडे असतील तर तेही हवेत.