दक्षिण आफ्रिका सफारी: क्रूगर की चोबे? सल्ला हवा

खारघरची_मानसी
नमस्कार मंडळी. मे अखेरीस जायचंय. मी, नवरा, सासूबाई (वय ७१, गुडघे कुरकुरतात, शुद्ध शाकाहारी) आणि आठ वर्षांचा लेक. विमान-व्हिसा धरून नऊ लाख, त्यावर एक पैसा नाही. दक्षिण आफ्रिकेतलं क्रूगर राष्ट्रीय उद्यान बरं की बोट्सवानातलं चोबे, सोबत व्हिक्टोरिया फॉल्स? स्वतः गाडी चालवावी की टूरबरोबर जावं? लेकाला सिंह दिसलाच पाहिजे.

वाट_चुकलेला
बजेट जरा ताणा आणि ओकावांगो (बोट्सवानातला नदीचा त्रिभुज प्रदेश) कराच. अंगोलात पडलेला पाऊस वाहत वाहत ऐन कोरड्या हंगामात तिथे पोचतो, जून ते ऑगस्ट सगळीकडे पाणीच पाणी. छोट्या विमानाने थेट कँपवर उतरायचं. पैसे काय, परत मिळवता येतात.

खारघरची_मानसी
जरा म्हणजे किती?

वाट_चुकलेला
चौघांचे? नका विचारू :)

कोथरूडचे_काका
मानसीताई, डोळे मिटून क्रूगर. साधारण १९,५०० चौ. किमी, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याहून मोठं. गाडी डावीकडूनच चालवायची, त्यामुळे सवय करावी लागत नाही. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या. मुख्य रस्ते डांबरी आहेत, साधी कार चालते. डांबरीवर ताशी ५०, कच्च्यावर ४० ची मर्यादा, आणि ती पाळतात बरं का. मे-जुलैत संध्याकाळी साडेपाचला कँपचं फाटक बंद होतं, उशीर झाला तर दंड. स्कुकुझा कँप ते लोअर साबी कँप हा नदीकाठचा रस्ता बिबट्यासाठी, तिथल्याच सातारा नावाच्या कँपच्या आसपास सिंह. सरकारी कँपमध्ये स्वयंपाकघर असलेल्या खोल्या मिळतात, सासूबाईंचा वरणभात सुटला. बुकिंग अकरा महिने आधी उघडतं, म्हणजे तुम्हाला उशीर झालाच आहे.

चंद्रपूरकर
सिंह पाहायला एवढ्या लांब? आमच्या ताडोब्याला या. मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ बसलेला असतो. निम्म्याच्या निम्म्यात भागेल.

सोनचाफा
ताडोब्यात सिंह आहे का हो?

चंद्रपूरकर
वाघ दिसल्यावर सिंह कोण विचारतो.

दुबईचा_देशपांडे
इटोशा, नामिबिया. ओकाउकुएजो कँपच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात. कुंपणाअलीकडे बाकावर बसून काळा गेंडा बघितला, ४०० मिमीच्या लेन्सने काढलेले फोटो नंतर टाकतो. क्रूगरला आजकाल एका सिंहामागे पंधरा गाड्या.

कोथरूडचे_काका
इटोशात पाणघोडा नाही, रानरेडा नाही. ते पण सांगा की.

दुबईचा_देशपांडे
पाणघोडा बघायला कोण जातं? मध्य प्रदेशातल्या कुनोला आधी आलेले आठ चित्ते नामिबियाचेच होते, हे लक्षात असू द्या.

चंद्रपूरकर
आणि नंतरचे बारा दक्षिण आफ्रिकेचे. पुढे?

सोनचाफा
काका बरोबर, क्रूगरच. पण खाऊ सांभाळा! व्हरांड्यात चिवड्याचा डबा ठेवला होता, माकडाने झाकण फिरवून उघडला. दाणे वेचून खाल्ले, पोहे आमच्या अंगणभर. आमच्याकडची माकडं निदान डबा घेऊन पळून जातात.

डॉ_निवांत
मुख्य मुद्दा राहिला. क्रूगर मलेरियाच्या पट्ट्यात येतं. तिथला जोर साधारण सप्टेंबर ते मे, म्हणजे तुम्ही शेपटाला जाताय. ७१ आणि ८ या वयांना कुठली गोळी चालेल ते आपल्या डॉक्टरला विचारा, फोरमवर नको. आणखी एक. तिकीट आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे काढताय का? थांबा बारा तासांहून जास्त असला तर पिवळ्या तापाच्या लसीचा दाखला मागतात, आणि लस दहा दिवस आधी घेतलेली लागते. परतताना आपल्याकडचे नियमही कडक आहेत. दुबई-दोहामार्गे गेलात तर ही कटकट नाही.

वाट_चुकलेला
ओडोमास लावा, काही होत नाही. आम्हाला कुणाला झालं नाही.

डॉ_निवांत
असं म्हणणारेच नंतर माझ्याकडे येतात.

पार्ल्याची_ठमी
+१ क्रूगर. चोबेला कसाने गावाहून बोटीतून हत्ती छान दिसतात, पण मेमध्ये व्हिक्टोरियाला पाणीच इतकं असतं की तुषारांत धबधबा शोधावा लागतो, भिजायला होतं ते वेगळं. सकाळच्या उघड्या गाडीत प्रचंड गारठा, सासूबाईंना कानटोपी आणि शाल न्याच. लेकाच्या जन्मदाखल्यावर आईबाप दोघांची नावं आहेत ना? व्हिसाला लागतं. (अवांतर: काका, स्कुकुझात तुम्हाला खोली कशी मिळाली? आम्हाला कायम फुल्ल.)

कोथरूडचे_काका
रोज रात्री साइट उघडून बसायचं. लोक रद्द करतात, तेवढ्यात पकडायचं.

खारघरची_मानसी
सगळ्यांचे मनापासून आभार. घरी चर्चा झाली. पिलानेसबर्ग ठरवलंय, नंतर केप टाउन. मलेरिया नाही, जोहान्सबर्गहून अडीचेक तास, आणि सासूबाईंना इतका वेळ गाडीत बसणं जमेल. सिंह, हत्ती, गेंडा, बिबट्या, रानरेडा सगळं आहे म्हणे.

दुबईचा_देशपांडे
पिलानेसबर्ग?? शेजारी सन सिटीचा कॅसिनो! १९७९ साली बाहेरून प्राणी आणून सोडलेलं पार्क, कुंपणाच्या आत. त्यापेक्षा प्राणिसंग्रहालय बघा.

कोथरूडचे_काका
क्रूगर सोडून... बरं. तुमची मर्जी.

डॉ_निवांत
देशपांडे, जवळपास साडेपाचशे चौ. किमी आहे, जुन्या ज्वालामुखीच्या पोटात. एवढं मोठं प्राणिसंग्रहालय कुठे आहे सांगा, आम्हीही जातो. मानसीताई, योग्य केलंत.

चंद्रपूरकर
ताडोबा १ ऑक्टोबरला पुन्हा उघडतो. दिवाळीचा विचार करा.

सोनचाफा
देशपांडे, ते ४००चे फोटो कुठे आहेत? आणि लेन्स भाड्याने कुठे मिळते?