फुफ्फुसात जंताची गाठ, सुईने पाणी काढता येत नाही का?

झोपमोड: दादाला दोन महिने कोरडा खोकला, एक्सरेत उजवीकडे लिंबाएवढा गोल पांढरा डाग. आधी टीबीचाच संशय होता, मग सीटी केला तर म्हणे आत पाणी आहे, हायडॅटिड सिस्ट म्हणजे जंताची गाठ असणार. पण रक्ताची टेस्ट निगेटिव्ह आलीये! तरी सर्जन ऑपरेशनच म्हणतायत. नुसतं पाणीच आहे तर सुई घालून का काढत नाहीत? आणि आम्हाला लागण होईल का?

रात्रपाळी: छातीच्या वॉर्डात काम करते म्हणून सांगते, सुईचा हट्ट अजिबात धरू नका. त्या पाण्यात जंताची सूक्ष्म डोकी असतात, पाणी छातीत सांडलं तर नव्या गाठी होऊ शकतात, शिवाय जोरदार ॲलर्जी येऊन बीपी धाडकन खाली येतं, जीवावर बेतू शकतं. लिव्हरच्या काही गाठींत सुईने करतात, फुफ्फुसात टाळतात. टेस्टचं म्हणाल तर फुफ्फुसातली गाठ न फुटलेली असली की बऱ्याचदा निगेटिव्हच येते, निदान मुख्यतः सीटीवर. लिव्हरची सोनोग्राफी झाली का? तिथे ही गाठ जास्त आढळते.

उरलंसुरलं: माझी ऑपरेशनआधीच फुटली होती. एका रात्री ठसका लागला आणि तोंडात खारट पाणी, त्यात द्राक्षाच्या सालीसारखे पांढरे पापुद्रे, वर अंगभर गांधी उठल्या. असं काही झालं तर सकाळची वाट बघू नका, थेट इमर्जन्सीत. ऑपरेशनमध्ये फुफ्फुस नाही काढलं, गाठ काढून राहिलेली पोकळी टाके घालून बंद केली.

झोपमोड: बापरे. मग गोळ्यांनीच विरघळवता नाही येणार?

रात्रपाळी: छोटी असेल तर अल्बेंडाझोलने होऊ शकतं, पण मोठीत गोळ्यांनी आवरण कमकुवत होऊन ती फुटायची भीती, म्हणून बरेच सर्जन आधी ऑपरेशन आणि मग गोळ्या देतात. मोठ्यांना सहसा ४०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, तेही तेलातुपाच्या जेवणासोबत, उपाशीपोटी नीट शोषलीच जात नाही. मधूनमधून लिव्हरची आणि पांढऱ्या पेशींची तपासणी लागते, मनाने सुरू करू नका. आणि माणसाकडून माणसाला होत नाही हो, कुत्र्याच्या विष्ठेतली अंडी हात-भाजी-पाण्यातून पोटात जातात, गाठ वाढायला वर्षं लागतात.

झोपमोड: सोनोग्राफी झालेली नाही, उद्याच विचारते. कुत्रा लहानपणी होता आमच्याकडे, दादाच्याच अंथरुणात झोपायचा.