आशियाई तायक्वांदो स्पर्धेच्या इतिहासावर फलक करायचाय, काय घेऊ, काय गाळू?

पांढरापट्टा: क्लबच्या वार्षिक दिवशी मला एक कोपरा मिळालाय. एकच फलक, तीन बाय चार फूट, खर्च शून्य. १९७४ सोल ते २०२४ दा नांग, एकूण २६ स्पर्धा. बघणारे बहुतेक पालक, खेळाशी फारसा संबंध नसलेले. काय ठेवू?

पायातगोळा: प्रोजेक्टर घे. मी घेतलाय, एक नंबर. फलक कोण वाचतं?

पांढरापट्टा: दादा, खर्च शून्य लिहिलंय.

पायातगोळा: मग छोटा घे.

जुनाहोगू: सुरुवात १९७३ पासून कर. त्या वर्षी सोलच्या कुक्कीवॉनमध्ये, म्हणजे तायक्वांदोच्या मुख्यालयात, पहिली जागतिक स्पर्धा झाली, तेव्हाच जागतिक संघटनाही स्थापन झाली. आशियाई स्पर्धा पुढच्या वर्षी, सोललाच. युरोपची त्यानंतर, १९७६ मध्ये बार्सिलोनाला. म्हणजे खंडांमध्ये आपण आधी, हे ठळक लिही.

शंकासुर: अवांतर: दुसरी स्पर्धा १९७६ ला मेलबर्नला कशी? ऑस्ट्रेलिया आशियात कधी गेला?

जुनाहोगू: तेव्हा ओशियानियाची (ऑस्ट्रेलिया आणि आसपासची बेटं) वेगळी संघटना नव्हती, ते आशियातच खेळायचे. १९८६ ची डार्विनला, १९९६ ची पुन्हा मेलबर्नला.

शंकासुर: तरी पटत नाही. नकाशा बघा.

दोनगुण: सगळं सोडा, गुण कसे मोजतात ते दाखवा. छातीवर ठोसा १, लाथ २, डोक्यावर ३, गिरकी घेऊन मारली तर छातीला ४, डोक्याला ५. माझ्या आईला दहा वर्षं हेच कळत नव्हतं.

सेवानिवृत्तपंच: गुणांबद्दल बोलू नका! एका स्पर्धेत होगूचा, म्हणजे लाथ मोजणाऱ्या छातीवरच्या कवचाचा, ट्रान्समीटर मध्येच मेला. पोरगी धाडधाड लाथा मारतेय आणि गुणफलकावर शून्य. बॅटरी कुणी तपासलीच नव्हती. पूर्वी पंच हातातली बटणं दाबायचे, भांडणं व्हायची, पण निदान कुणाशी भांडायचं ते तरी माहीत असायचं. आता सगळे पुढचा पाय हवेत नाचवत उभे.

दोनगुण: +१ पुढच्या पायाबद्दल. बाकी असहमत. पंचांचे डोळे २००८ ला बीजिंग ऑलिंपिकमध्येही चुकले होते, ब्रिटनच्या सारा स्टीव्हन्सनची डोक्यावरची लाथ मोजलीच नाही, निकाल नंतर फिरवावा लागला.

रविवारसराव: रोहुल्लाह निकपाई घ्या. त्याच बीजिंगमध्ये अफगाणिस्तानचं पहिलं ऑलिंपिक पदक. रिओला अहमद अबुघौशने जॉर्डनला पहिलं पदक दिलं, तेही सुवर्ण. पालक थांबून वाचतील.

जुनाहोगू: ते ऑलिंपिक झालं, विषय आशियाई स्पर्धा आहे. वजनगटसुद्धा वेगळे: इथे पुरुषांचे आठ, महिलांचे आठ, ऑलिंपिकला चार-चारच.

पायातगोळा: प्रोजेक्टरवर हे सगळं मावलं असतं.

शंकासुर: बैरुत २०२१ ला का? दर दोन वर्षांनी असते ना?

रविवारसराव: कोविडमुळे पुढे गेली. नंतर लगेच २०२२ ला चुनचॉन.

पांढरापट्टा: सर्वांचे आभार. ठरलं. फलकावर यातलं काहीच नाही, फक्त २६ स्पर्धांची शहरं आणि साल, मोठ्या अक्षरात. शेजारी सरांचा जुना, मागून दोऱ्यांनी बांधायचा होगू टांगतो, ज्याला घालून बघायचाय त्याने बघावा. निकपाई मात्र तोंडी सांगेन.

जुनाहोगू: १९७३ नाहीच का?

सेवानिवृत्तपंच: त्या दोऱ्या स्वतःला बांधता येत नाहीत. एक पोरगं मागे उभं ठेव.