मदत हवी आहे: हवेच्या प्रसरणाचं कार्य ५१.७ की ६७.२ किलोज्यूल?

मंडळी, एका गणितावर गाडी अडलीय. पिस्टन-सिलिंडरमध्ये ०.१ घनमीटर हवा, निरपेक्ष दाब (पूर्ण निर्वातापासून मोजलेला) ५ बार, तापमान ३०० केल्विन. पॉलिट्रॉपिक प्रसरण (म्हणजे दाब × आकारमानाचा १.३ वा घात कायम), घातांक १.३, शेवटी निरपेक्ष दाब १ बार.

५ बार म्हणजे ५०० किलोपास्कल, म्हणून सुरुवातीला दाब गुणिले आकारमान ५०० × ०.१ = ५० किलोज्यूल. शेवटचं तापमान २०७ केल्विन येतं, म्हणून तोच गुणाकार शेवटी ३४.५. फरक १५.५, भागिले ०.३ (घातांक वजा १), कार्य ५१.७. समतापी (तापमान कायम) प्रसरणाचे ८०.५ आणि रुद्धोष्म (उष्णतेची देवघेव नाही) प्रसरणाचे ४६.१ यांच्या मधेच बसतं, म्हणजे आकडेमोड ठीक असावी.

उत्तरसूचीत मात्र ६७.२! हे नेमकं १.३ पट. मग वाहत्या हवेचं, टर्बाइनचं सूत्र लावलंय का? प्रश्नात झडपेचा, प्रवाहाचा उल्लेखच नाही.

अजून एक. छत्रपती संभाजीनगर साधारण ५७० मीटर उंचीवर, हवेचा दाब सुमारे ०.९५ बार. गेज म्हणजे दाबमापक, तो वातावरणापेक्षा जास्तीचाच दाब दाखवतो; त्याचा काटा ४ बारवर असेल तर निरपेक्ष दाब ४.९५ धरायचा की परीक्षेसाठी ५.०१? पोरं गेजचाच आकडा सूत्रात टाकतात. मग शेवटचा दाब वातावरणाइतका असला की तो शून्य होतो अन् दाबाचं गुणोत्तरच निघत नाही.

शिकवणाऱ्यांनी पायऱ्यांसह सांगावं.