'द रिच्युअल': राक्षस दाखवला आणि माती केली?

चकवा: 'द रिच्युअल' हा भयपट, चार मित्र स्वीडनच्या जंगलात ट्रेकला जातात आणि तिथे एक राक्षसी देव त्यांच्या मागे लागतो. काल एका ग्रुपवर वाचलं, "द रिच्युअल पाऊण सिनेमा झकास, मग तो लोकीचा राक्षस आणला आणि माती केली, नॉर्स पुराण म्हणजे नुसतं लेबल." (लोकी म्हणजे नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपच्या जुन्या पुराणातला खोडसाळ देव.) त्यावर लाईक्सचा पाऊस. डोकं फिरलं म्हणून लिहितोय. अरे, सुरुवातीचा दुकानातला सीन विसरलात? तिकडे दरोडेखोर मित्राला, रॉबला, मारतायत आणि आपला नायक ल्यूक फळ्यांच्या आड हातात बाटली धरून बसलाय, उठतच नाही. पुढे जंगलात झाडांच्या मधोमध तेच दुकान उगवतं, त्याच फळ्या, त्याच ट्यूबलाईट. आणि तो प्राणी त्याच्याकडून करून काय घेतो? गुडघे टेकायला लावतो! आपण तेव्हा खाली बसून राहिलो ही ज्याची खंत, त्याला परत खाली बसवणारा देव. इथे साधं अस्वल चाललं असतं का?

अर्धवटराव: ती पोस्ट माझी होती, नाव घेतलं असतंस तरी चाललं असतं. सगळं पुराण एका पोरीच्या दोन वाक्यांत उरकलंय, म्हणे लोकीची अनौरस अवलाद. एड्डात, म्हणजे नॉर्स पुराणाच्या जुन्या ग्रंथांत, लोकीची पोरं माहितीयत ना? फेनरिर लांडगा, योर्मुनगांड साप, हेल, आणि आठ पायांचा घोडा स्लाइपनिर, ज्याची तो चक्क आई आहे. हे नवीन कार्टं कुठून आलं? आणि शूटिंग रोमानियात, स्वीडन म्हणून खपवलंय.

निशाचर: नारफी राहिला की. ज्याच्या आतड्यांनी लोकीला बांधून घातलं तो. यादी द्यायची तर पूर्ण द्या. बाकी झाडावर लटकवलेली धडं उगाच नाहीत, अकराव्या शतकात ब्रेमेनच्या अॅडमने स्वीडनमधल्या उप्सालाच्या देवळाबद्दल लिहून ठेवलंय, दर नऊ वर्षांनी प्रत्येक जातीचे नऊ नर बळी आणि प्रेतं राईत टांगलेली.

अर्धवटराव: अॅडम पाद्री होता आणि ऐकीव लिहिलंय त्याने. चालू द्या.

पायपीट: पुराण गेलं चुलीत, एकाचा गुडघा दुखावलाय आणि हे म्हणे जंगलातून शॉर्टकट!! तिथेच माझा सिनेमा संपला. २०११ ला राजमाचीहून कोंढाण्याकडे उतरताना आम्ही अशीच अक्कल पाजळली, मळलेली वाट सोडून ओढ्यात घुसलो, चार तास करवंदीच्या जाळ्या, आणि तीनदा फिरून त्याच वठलेल्या आंब्यापाशी. खाली गावात एका आजीने ओट्यावर बसवून पाणी दिलं, म्हणाली चकवा लागला तुम्हाला. (धागाकर्त्याने मनावर घेऊ नये.)

हिमगौरी: गुडघा मोडलाय का कधी तुमचा? माझा मेनिस्कस (गुडघ्यातली कूर्चेची गादी) फाटलाय, तेव्हा मीसुद्धा म्हटलं असतं कमी अंतराने न्या. घरात बसून अक्कल शिकवणं सोपं असतं.

पायपीट: घरात बसून?? ताई, दोनशे ट्रेक झालेत. एकाने जखमीपाशी थांबायचं, दोघांनी मदत आणायची, पहिल्या ट्रेकला शिकवतात हे.

स्वीडनकर: मी उत्तर स्वीडनमधल्या आबिस्कोपासून कुंग्सलेडेन या लांब ट्रेकच्या वाटेचा थोडा भाग चाललोय. लाल रंगाचे दगड बघत जायचं, मोबाईलला रेंज नाही, डास मात्र राजमाचीच्या दसपट. तिथे खुणेची वाट सोडणारा येडाच. पण हिमगौरी म्हणतायत तेही खरं, दुखणारा माणूस नकाशा बघत नाही.

पायपीट: दुखणाऱ्याने नाही, त्यांच्यातल्या धडधाकट हचने ठरवलं ना ते! सिनेमा नीट बघा आधी.

हिमगौरी: बरं, हचची चूक. खूश?

चकवा: धाग्याची ट्रेकिंग संस्था झाली. अर्धवटराव, एकच विचारतो, 'तुंबाड'मधला हस्तर कुठल्या पुराणात आहे? तेव्हा तर तुम्ही थेटरात तीनदा जाऊन आलात.

अर्धवटराव: हे वर्मी लागलं. पण हस्तरला कथा होती, आजी होती, पिठाच्या बाहुल्या होत्या. इथे काय?

चकवा: इथे माळ्यावर ती वाळून कोळ झालेली, तरी जिवंत असलेली भक्तमंडळी आहेत. पूजा करा, मरण नाही, हा सौदा. आजीचंही तेच झालं होतं ना?

अर्धवटराव: …माळा विसरलो होतो. ठीक, लेबल शब्द मागे. माती केली हा नाही.

पायपीट: आणि गुडघ्याला क्रेप बँडेजसुद्धा नीट बांधलं नव्हतं, ते कोणी बोलत नाही.