मदत हवी आहे: ध्वनिमुद्रणे ऐकून ब्रॉडवेची जुनी नाट्यगीते पियानोवर बसवताना

सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत राहते आणि गेली २२ वर्षे संवादिनी वाजवते. यातला बहुतेक काळ हौशी मंडळींच्या नाट्यगीतांच्या कार्यक्रमांना साथ करण्यात गेला. पद बसवण्याची माझी रीत ठरलेली होती. जुन्या तबकडीवरून उतरवलेली कॅसेट लावायची, एक ओळ ऐकून थांबवायची, ती वाजवायची आणि गाणाऱ्याने श्वास कुठे घेतला आहे ते कानात पक्के होईपर्यंत पुढच्या ओळीला हात घालायचा नाही. दीड वर्षापूर्वी मी ८८ पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला आणि हीच रीत तिथेही चालेल असे गृहीत धरले. ती पूर्णपणे चालत नाही, आणि नेमके कुठे अडते आहे ते मला एकटीने उलगडत नाही, म्हणून हा धागा.

मला अमेरिकन संगीत नाटकांतली जुनी गाणी वाजवायची आहेत. ओढ लागली ती, आपल्यापैकी अनेकांना लागली असेल तशी, 'द साउंड ऑफ म्युझिक' या १९६५ च्या चित्रपटामुळे. पुढे कळले की मूळ नाटक १९५९ चे, संगीत रिचर्ड रॉजर्स यांचे आणि गीते ऑस्कर हॅमरस्टाइन यांची. त्यांच्या मागे मागे जात मी संगीतकार जेरोम कर्न यांच्यापर्यंत पोहोचले आणि 'ऑल द थिंग्ज यू आर' या गाण्यापाशी थांबले. १९३९ साली 'व्हेरी वॉर्म फॉर मे' या नाटकासाठी कर्न आणि हॅमरस्टाइन यांनी ते केले. नाटकाचे अवघे ५९ प्रयोग झाले, पण गाणे मात्र आजही जगभर वाजते आहे. नाटक विस्मरणात जावे आणि त्यातले पद मैफलीत टिकून राहावे, ही गोष्ट आपल्याला परकी नाही. कदाचित म्हणूनच या गाण्यावर माझा इतका जीव जडला असावा.

आता अडचण सांगते. माझ्याकडे गाण्याची छापील प्रत आहे, ती चार फ्लॅटांची (चार कोमल स्वरांच्या खुणांची), म्हणजे आपल्या भाषेत काळी चारच्या, सप्तकातली चौथी काळी पट्टी षड्ज धरणाऱ्या, पट्टीतली. मार्गदर्शक म्हणून मी जॅझ गायिका एला फिट्झजेरल्ड यांचे १९६३ च्या जेरोम कर्न साँगबुक या ध्वनिमुद्रिकेतले गायन घेतले. प्रत समोर ठेवून ते ऐकू लागले की दोन्हींचा मेळ बसत नाही. बाई कागदावरच्या जागी स्वर लावतच नाहीत. कुठे शब्द मागे रेंगाळतो, कुठे दोन स्वर एका श्वासात जवळ येतात. संवादिनीवर मी गायकाच्या मागे सावलीसारखी गेले असते, कारण ताल तबलजी सांभाळतो. पियानोवर मात्र उजवा हात गायकाबरोबर मागे रेंगाळला की डावाही त्याच्यामागे जातो आणि गाण्याचा तोलच जातो. डाव्या हाताची तर आणखी एक व्यथा आहे: २२ वर्षे त्याने फक्त भाता ओढला आहे, स्वर त्याने कधी वाजवलेलाच नाही.

दुसरी अडचण लांब स्वरांची. या गाण्याचा पहिलाच स्वर लांब आहे. संवादिनीवर हवा आहे तोवर तो स्वर माझा. पियानोवर हातोडी तारेवर पडली की स्वर विरायला लागतो, आणि डिजिटल पियानोही तेच विरणे ऐकवतो. गायिकेच्या आवाजात जिथे स्वर फुलत जातो, तिथे माझ्या बोटाखाली तो मावळतो. स्वर लांबवणारे सस्टेन पेडल पायाने दाबून ठेवले तर मागचे-पुढचे सगळे एकात एक मिसळते.

शिकवणीला गेले नाही असे नाही. चार महिने एका वर्गात गेले, पण तिथे परीक्षेच्या तुकड्यांपलीकडे काही घेत नसत आणि ध्वनिमुद्रण ऐकून वाजवण्याला कानाची सवय बिघडवणे म्हणत. मला ते पटत नाही, कारण कानाने शिकण्याच्या परंपरेतच मी वाढले आहे. तरीही ध्वनिमुद्रणातून काय घ्यायचे आणि काय सोडायचे, गायकाचे ध्वनिमुद्रण घ्यावे की नुसत्या वाद्याचे, आणि डाव्या हाताची सुरुवात कुठून करावी, हे जाणकारांनी सांगितले तर फार मोठी मदत होईल.

प्रतिसाद

ताई, नमस्कार. मी न्यू जर्सीत असतो आणि इथल्या शाळांमधल्या संगीतिकांच्या तालमींना पियानोची साथ करतो. आपली रीत चुकीची नाही, फक्त आपण ध्वनिमुद्रणातला एकच माणूस ऐकत आहात. गायिका मागे रेंगाळते तेव्हा वाद्यवृंद रेंगाळत नाही; तो जागच्या जागी असतो, म्हणून तर तिचे रेंगाळणे गोड लागते. पुढचे आठ दिवस तेच ध्वनिमुद्रण लावा, पण गाण्याकडे मुळीच लक्ष देऊ नका. सर्वांत खालचा, खर्जातला सूर शोधा आणि तेवढाच डाव्या हाताच्या करंगळीने वाजवा.

आपल्या प्रतीच्या पट्टीत पहिल्या आठ मापांचे (म्हणजे ठरावीक मात्रांच्या आठ खंडांचे) हे खालचे सूर असे येतात: पांढरी चार, काळी पाच, काळी दोन, काळी चार, काळी एक, मग पांढरी पाच आणि पांढरी एक. संवादिनी वाजवणाऱ्या माणसाला यातली संगती लगेच दिसेल. आधीच्या सुराला षड्ज धरले तर पुढचा सूर त्याचा शुद्ध मध्यम आहे. हे असेच चालत राहते आणि काळी एकवरून पांढरी पाचवर जाताना तेवढा तीव्र मध्यम येतो. गाणे आपल्या घरातून बाहेर पडून भलत्याच अंगणात उतरते ते याच जागी. एवढी साखळी हाताला बसली की पट्टीचा प्रश्नही हलका होतो, कारण ध्वनिमुद्रण कोणत्याही पट्टीत असले तरी सुरांमधली ही नाती बदलत नाहीत. संगीत नाटकांत गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे पट्टी नेहमीच बदलली जाते, शिवाय मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या सगळ्याच अचूक वेगाने मुद्रित झालेल्या नसत, त्यामुळे ध्वनिमुद्रणाशी सूर जुळत नाही म्हणून खंत करू नये.

डावा हात स्थिर झाला की त्याच्यावर आपण स्वतः गा. हो, पियानो उजव्या हाताने वाजवण्याआधी गा. खाली करंगळी वेळेवर आणि वर गळा मोकळा, ही फारकत गळ्याला आधी जमते आणि बोटांना नंतर. स्वर कागदावरून घ्या, श्वास ध्वनिमुद्रणातून घ्या. मी मुलांना हेच सांगतो.

लांब स्वराबद्दल: पियानोला तो फुलवता येत नाही, तेव्हा तो विरत असताना मधल्या भागात काहीतरी हलते ठेवावे लागते. उजव्या हाताचा वरचा स्वर धरून ठेवा आणि आतल्या बोटांनी कॉर्डचे, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाचे, उरलेले स्वर एकामागून एक हलके लावा. कानाला वाटते की वरचा स्वरच चालू आहे. पेडल मात्र नवा कॉर्ड वाजला की त्याच क्षणी उचलून पुन्हा दाबायचे. कॉर्ड वाजण्याच्या आधी उचलले तर मध्ये भोक पडते आणि उशिरा उचलले तर चिखल होतो.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादाशी सहमत आहे, पण ध्वनिमुद्रणाच्या निवडीबद्दल थोडे वेगळे सुचवतो. शब्द असले की कान शब्दांच्या मागे जातो. आर्ट टेटम आणि बेन वेबस्टर यांनी १९५६ मध्ये चार वाद्यांच्या संचात हेच गाणे ध्वनिमुद्रित केले आहे. त्यातला टेटम यांचा पियानो ऐकून मोह होईल, पण तो मोह टाळावा. तसे वाजवणे हे शिकणाऱ्याचे काम नव्हे. आपण ऐकायचा तो वेबस्टर यांचा सॅक्सोफोन. ते चाल फारशी न सजवता सांगतात आणि प्रत्येक ओळीनंतरचा श्वास स्पष्ट ऐकू येतो. सॅक्सोफोन हेही हवेवर चालणारे वाद्य असल्यामुळे संवादिनीच्या माणसाला त्यातला दम ओळखीचा वाटेल. वेग कमी करून ऐकायचे असेल तर ऑडॅसिटी या मोफत प्रणालीत सूर न बदलता लय उतरवता येते. मात्र तीन चतुर्थांश वेगाच्या खाली जाऊ नये, कारण त्यापुढे ओळ तुटते आणि नुसते सुटे स्वर हाती येतात.

मूळ धागाकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे दहा दिवस केवळ करंगळी आणि गळा एवढ्यावरच काढले. पहिल्या तीन दिवसांत करंगळी दुखून आली, पण मध्यमांची साखळी दिसल्यावर पाठांतराची गरजच उरली नाही.

एक अनुभव इथे लिहिल्यावाचून राहवत नाही. गाण्याचा मधला भाग, ज्याला आपण अंतरा म्हणू, तो पांढरी तीनच्या पट्टीत येऊन थांबतो आणि त्याचा शेवटचा स्वर असतो काळी चार. पुन्हा मुखडा सुरू होतो त्याचा पहिला स्वरही काळी चारच, पण आता घर वेगळे. कागदावर या दोन स्वरांना जी शार्प आणि ए फ्लॅट अशी वेगवेगळी नावे आहेत, त्यामुळे इतके दिवस मला ते दोन निरनिराळे स्वर वाटत होते. परवा रात्री मी ते बोट उचललेच नाही. वरचे बोट काळी चारवर तसेच ठेवून खालची करंगळी पांढरी तीनवरून पांढरी एकवर आणि तिथून पांढरी चारवर नेली. स्वर तोच, पण तिन्ही ठिकाणी त्याचा अर्थ वेगळा. आणि तो विरत चालला होता म्हणूनच तो बदल इतका हळुवार लागला. संवादिनीवर तो तसाच ठणठणीत उभा राहिला असता.

आता अडले आहे ते शेवटच्या मुखड्यात. आधीचे दोन्ही मुखडे आठ मापांचे, हा बारांचा, त्यामुळे सगळे मिळून ३६ मापे होतात, हे मोजून समजले. त्या वाढीव भागात माझ्या प्रतीत काळी एकचा मेजर कॉर्ड आणि लगेच काळी एकचा मायनर कॉर्ड दिला आहे. ध्वनिमुद्रणात तिथे काहीतरी काळजाला लागणारे घडते, पण माझ्या हातून ते दोन सारखेच कॉर्ड वाटतात. तिथे नेमके काय ऐकावे?

प्रतिसाद

ताई, तिथे एकच स्वर बदलतो. काळी एकला षड्ज माना: पहिल्या कॉर्डमधला शुद्ध गंधार, म्हणजे पांढरी चार, दुसऱ्यात कोमल होऊन पांढरी तीनवर येतो. बाकीचे दोन स्वर तिथेच असतात. तेव्हा पूर्ण कॉर्ड पुन्हा वाजवू नका. षड्ज आणि पंचम धरून ठेवा आणि तेवढा गंधार डाव्या हाताच्या अंगठ्याने उतरवा, इतर स्वरांपेक्षा किंचित मोठा. पुढे खर्ज पांढरी एक, पांढरी सात, काळी पाच असा अर्ध्या अर्ध्या स्वराने खाली येतो आणि मग काळी दोनवरून काळी चारला घरी पोहोचतो. हा उतार आधी नुसता, चालीशिवाय, अगदी सावकाश वाजवून पाहा आणि कसे झाले ते इथे कळवा.